सुदर्शनच्या सायकली

ओतूरच्या एसटी स्टँडमागं खताचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूनं लोखंडी जिना चढून गेलं की 'पोलाद जिम' लागते. तिचा मालक सुदर्शन. तोंडावर त्याला सगळे 'सर' म्हणतात आणि पाठीमागं 'श्री', कारण ऐन पंचविशीत तो एकदा 'तालुका श्री' झाला होता. त्या गोष्टीला जमाना लोटला. तरी देह अजून असा की दारातून आधी छाती येते आणि मागाहून माणूस येतो. अशा गड्याला एकटं वाटत असेल हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. दांडग्या माणसांविषयी लोकांचा हा गैरसमज फार जुना आहे, आणि दांडगी माणसं तो खोडून काढायच्या भानगडीत पडत नाहीत.

जिमच्याच मागच्या खोलीत तो राहायचा. एक खाट, एक गॅस, अंड्यांचे ट्रे आणि भिंतीला टांगलेला करंडक. लग्न केलं नव्हतं. स्थळं आली, दोन-तीन ठिकाणी पोहे खाऊन झाले, पण ऐनवेळी सुदर्शन काहीतरी खुसपट काढायचा. पोरगी ठेंगणी आहे, पोरीचा बाप बोलघेवडा आहे. खरं कारण वेगळं होतं. पुण्याच्या एका डॉक्टरनं त्याला तपासून सांगितलं होतं की मूल होणं कठीण आहे. ते कशानं, हे डॉक्टरनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. 'श्री' व्हायच्या आधी सुदर्शननं सुया टोचून घेतल्या होत्या, स्टेरॉईडच्या. तेव्हा तो आळेफाट्याच्या एका जिमला जायचा. तिथं स्टेरॉईड हा शब्द कुणी तोंडातून काढायचं नाही. काही आठवडे सुया घ्यायच्या, काही आठवडे थांबायचं, या फेऱ्याला पोरं म्हणायची 'सायकल'. "माझी सायकल चालूय." "त्यानं यंदा दोन सायकली मारल्या." शेजारी बाप बसलेला असला तरी खुशाल बोलावं, बापाला वाटायचं पोरगं व्यायाम करतंय. सुदर्शननं अशा तीन सायकली मारल्या. त्याचा जोडीदार पप्पू, त्यानं किती मारल्या याला गणतीच नव्हती.

ज्या वर्षी करंडक घरी आला त्याच वर्षी पप्पूच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि पाठोपाठ पप्पूही गेला. तिरडीला खांदा द्यायला सुदर्शन होता. पप्पू एकेकाळी दारात न मावणारा गडी, आणि तिरडी उचलली तर पोत्यात नुसता भुसा भरावा तशी हलकी. त्या दिवसापासून सुदर्शननं सुई सोडली ती सोडलीच. पुढं स्वतःची जिम काढली तेव्हा भिंतीवर हातभर लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'इथं घाम चालतो, सुई चालत नाही'. ते वाचूनच आसपासचे बाप आपली पोरं निर्धास्तपणे त्याच्या हवाली करायचे. आणि सुदर्शननं मनाशी दुसरीही एक गोष्ट पक्की करून टाकली होती, की पप्पूसारखीच आपलीही किडनी किडकी आहे. तपासून बघावं असं त्याला कधी वाटलं नाही. घरातला दागिना पितळेचा आहे अशी ज्याची खात्री, तो सोनाराच्या दारात कशाला उभा राहील?

दिवस असे बरे चालले होते, आणि मग त्याच्या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या.

वृषाली त्याच्याहून धाकटी, मंचरला दिलेली. नवरा चांगदेव, मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवणारा, बोलायला तिखट पण बायकोसाठी जीव टाकणारा. बीपीचं दुखणं तिनं अंगावर काढलं आणि बघता बघता डायलिसिसवर आली. दिवाळीनंतर पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरनं सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाला, घरातल्या कुणीतरी किडनी दिली तर पोरगी उभी राहील. चांगदेवचा रक्तगट जुळेना. जुळले दोघांचेच. एक आई साळुबाई, साठीला टेकलेली, आणि दुसरा सुदर्शन.

"आईंचं वय बघता आधी भावाचं बघू," डॉक्टर म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी सुदर्शनच्या दंडाकडं पाहून सुस्कारा सोडला. असा बैलासारखा भाऊ असताना काळजी कसली! वृषाली तर चक्क हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती.

मग डॉक्टरनं सहज विचारावं तसं विचारलं, "पूर्वी कधी काही औषधं? वेदनेच्या गोळ्या, स्टेरॉईड वगैरे?"

चोराच्या मनात चांदणं. सुदर्शनला वाटलं, याला माझ्या तोंडावरून कळलंय. समोर आई होती, बहीण होती, चांगदेव होता, आणि डोळ्यांपुढं ती भिंतीवरची लाल अक्षरं.

"न्हाई सर," तो म्हणाला.

तपासणीला बोलावलं त्या दिवशी तो गेला नाही. पुढच्या तारखेलाही नाही. मोबाईल बंद करून जिमच्या मागच्या खोलीत बसून राहिला. किडकी निघणार हे तर ठरलेलंच, मग जगाला दाखवत कशाला फिरायचं? किडनीही कामी यायची नाही आणि अब्रू मात्र जायची. असा त्याचा हिशेब. आई म्हातारी आहे, तिला डॉक्टर हात लावणार नाहीत, कुठून तरी दुसरी सोय करतील, अशीही त्यानं मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला परक्याची मदत लागत नाही.

शेवटी साळुबाईच गावाकडून, आण्याहून, उठून आली. पठारावरून एसटीनं आळेफाटा, तिथून दुसरी एसटी ओतूर, आणि तो लोखंडी जिना. धापा टाकत खाटेवर बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं रं बाळा? भ्या वाटतंय का? भ्या वाटलं तर तसं सांग. कापाकापीचं भ्या कुनाला नसतं?"

सुदर्शनला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. सांगायचं तर ओठांपर्यंत आलं होतं. ते बाहेर पडताना असं पडलं:

"आई, मी सायकली मारल्यात गं. लई मारल्या. त्यानं माझी किडनी खराब झालीया. चालायची न्हाई ती."

म्हटलं तर यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिला ते कळणार नाही हे त्याला बोलतानाच ठाऊक होतं. खरं सांगितल्याचं समाधानही पदरात पडलं आणि ते न कळण्याची सोयही झाली.

साळुबाईनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेल्ह्याला कालेजात जायचास तवाच्या व्हय?" ती म्हणाली. "तो घाट चढून यायचास, अंगातनं पानी गळायचं. मी तुज्या बापाला म्हनलं व्हतं, पोराला यष्टीचा पास काढून द्या. त्यांनी ऐकलं न्हाई, अन् मीबी रेटून धरलं न्हाई. माजंच चुकलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं हे सुदर्शनला पुढं रोज कळत गेलं.

साळुबाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही लपवायची गोष्ट आहे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं विचारलं त्याला तिनं खरं खरं सांगितलं. पोरगा देत न्हाई असं न्हाई, त्याची किडनी सायकल मारून मारून गेलीया. झालं. आण्यात कळलं, बेल्ह्यात कळलं, फाट्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर कळलं. भित्रा माणूस लोकांनी पुष्कळ पाहिला होता, पण इतकं भिकार निमित्त सांगणारा पहिल्यांदाच पाहिला.

वृषालीचा एकदा फोन आला. "दादा, द्यायची नसली तर न्हाई म्हन ना. मी काय हट्ट धरलाय का? पन सायकलीचं काय सांगतोस आईला? मला हसूबी येत न्हाई अन् रडूबी येत न्हाई."

"तसं न्हाई गं वृषे..."

"मग कसं?"

तिनं फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही.

पौषात आण्याची यात्रा आली. तिथं आमटी-भाकरीची पंगत असते. कढया कढया आमटी शिजते आणि अख्खा मुलूख जेवायला येतो. सुदर्शन जाणार नव्हता, पण गावचा माणूस आमटीला चुकला की त्याची वेगळी चर्चा होते. म्हणून गेला आणि पंगतीच्या टोकाला मान खाली घालून बसला. वाढायला सावळेराम होता, भावकीतलाच.

"श्रीला वाईच जादा वाढा रं," सावळेराम बादली टेकवत म्हणाला, "सायकल मारून आलाय."

हशा पिकला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "सायकलीनं किडनी जाती म्हनं. मग आपला पोस्टमन कसा काय अजून जिता हाय राव?" पुन्हा हशा.

तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून साळुबाई उठली. हातात भाकरी तशीच. "हसताय काय रं मुडद्यांनो? माज्या पोराच्या जिवाला कमी-जास्त हाय, अन् तुमाला दात काढायला सुचत्यात?"

सुदर्शननं आमटीत भाकरी कुस्करली आणि ती कुस्करतच राहिला. एवढ्या हजारो माणसांत त्याच्यावर विश्वास ठेवणारी एकच बाई होती, आणि तीच फसलेली होती. इतकं एकटं त्याला पप्पू गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यानंतर तो आण्याला गेला नाही. पहाटे जिम उघडायची, पोरांना घाम गाळायला लावायचा, दुपारी खाटेवर छताकडं बघत पडायचं. मंचरची गाडी फलाटाला लागल्याचं कंट्रोलरनं पुकारलं की खोलीत ऐकू यायचं. रोज वाटायचं, बसावं आणि जावं. रोज गाडी निघून जायची.

शिमग्याच्या सुमाराला आण्याचा एक ट्रॅक्टरवाला खत भरायला खालच्या दुकानात आला. त्याच्याकडून कळलं, की चांगदेव साळुबाईला सारखा पुण्याला नेतोय. रक्त तपासलं, हृदय तपासलं, कसले कसले फोटो काढले. "म्हातारी म्हनती, माजीच घ्या," तो म्हणाला आणि पोती मोजायला लागला.

त्या दिवशी सुदर्शननं जिमला कुलूप लावलं आणि पुण्याची गाडी धरली. वृषालीच्या हॉस्पिटलात जायचा धीर झाला नाही, म्हणून दुसरं शोधलं. तिथं किडनीच्या डॉक्टर एक मॅडम होत्या, केस पिकलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं सगळं ओकून टाकलं. सुया, तीन सायकली, पप्पू. परक्या बाईला सांगताना काहीच जड गेलं नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मॅडमना 'सायकल' कळत होती. त्यांनी विचारलं, "बंद कधी केलंत?"

"पंधरा वर्षं झाली. त्यानंतर शप्पत."

"मग इतके घाबरलात कशाला? पूर्वी घेतलं होतं एवढ्यावरून आम्ही कुणाला बाद करत नाही. किडनीला काय झालंय, बीपी कसं आहे, लघवीतून प्रोटीन जातंय का, हृदय कसं आहे, ते बघतो आणि मग ठरवतो. काहींची किडनी बिघडते, काहींची सुटते. तुमच्या मित्राची गेली म्हणून तुमची गेली असं होत नाही. फक्त लपवायचं नाही. लपवलं की आमची पंचाईत होते."

सगळ्या तपासण्या व्हायला दोन-तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मॅडमनी रिपोर्ट पाहिले, पुन्हा पाहिले आणि चष्मा काढला. "उत्तम आहे. दोन्ही किडन्या छान काम करतायत. पुढचं तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण माझ्या मते तुम्ही देऊ शकता. इतके दिवस कुठं होतात?"

बाहेर येऊन सुदर्शन हॉस्पिटलच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग आनंद झाला. अंगात मावेना असा. आणि आनंद झाल्यावर ध्यानात आलं, की हे सांगायला आपल्याला कुणीच नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी टोपीवाला एक म्हातारा बसला होता. नारायणगाव येईपर्यंत सुदर्शननं कसाबसा दम धरला आणि मग न राहवून म्हणाला, "बाबा, माझ्या दोन्ही किडन्या चांगल्या हायेत."

म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असू द्या की पावनं," तो म्हणाला, आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आता खरं तर नारायणगावलाच उतरून उलट्या गाडीनं मागं मंचरला जायचं. पण नाही. किडनी चांगली आहे म्हणावं तर मग आधी खराब होती ती कशी, हे सांगावं लागणार. म्हणजे सुया आल्या, डॉक्टरपुढं बोललेलं खोटं आलं, आईच्या तोंडी घातलेली सायकल आली. कसं सांगावं, आधी कुणाला सांगावं, याची जुळवाजुळव करण्यात त्यानं आणखी आठवडा घालवला. आरशापुढं उभं राहून बोलून बघितलं. ज्या आरशापुढं त्यानं आयुष्यभर दंड फुगवले, त्याच्यापुढं एक सरळ वाक्य निघेना. मग एका सकाळी ठरवलं, आधी आईला सांगायचं, तिला कळेल अशा भाषेत, आणि तिला बरोबर घेऊन मंचर गाठायचं.

आण्यात पोचला तर घराला कुलूप. शेजारची कुशाबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं.

"तुला ठावं न्हाई?"

"काय?"

"आरं, परवा नेलं की तिला. काल झालं बी आपरेशन. चांगदेवाचा फोन आला व्हता, दोघी बऱ्या हायेत म्हनला." मग शेंगा खाली ठेवून, "तुला कुनी कळवलं न्हाई व्हय रं?"

कुणी कळवलं नव्हतं. सुदर्शन दाराच्या कुलपाकडं बघत उभा राहिला. सख्ख्या आईच्या पोटाला चीर पडली आणि ते त्याला शेजारणीकडून कळत होतं. कुशाबाईनं पाणी दिलं, ते त्यानं हातात घेतलं आणि न पिताच ओट्यावर ठेवलं.

पुण्याला पोचला तेव्हा चांगदेव वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"या पावनं," तो म्हणाला. एरवी घरच्यासारखं बोलणाऱ्या बहिणीच्या नवऱ्यानं असं परक्यासारखं 'पावनं' म्हणावं, हे सुदर्शनला चपराकीसारखं लागलं. "लवकर आलात. बैल गेला अन् झोपा केला."

"दाजी, मी सुया घेतल्या व्हत्या," सुदर्शन म्हणाला. आरशापुढं न निघालेलं वाक्य असं उभ्या उभ्या निघालं. "बॉडीसाठी. स्टेरॉईडच्या. मला वाटलं माझी किडनी गेली. आत्ता तपासली. चांगली निघाली. मी देऊ शकत व्हतो."

चांगदेव शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं दिल्या नाहीत.

"मग त्या दिशीच म्हनायचं व्हतं ना," तो हळूच म्हणाला. "मी काय पोलीस व्हतो?" आणि तोंडावरून हात फिरवत, "वृषालीला भेटता यायचं न्हाई, काचंच्या आत ठेवलीया. म्हातारीकडं जा. तिला जादा बोलायला लावू नको, टाके दुखत्यात."

साळुबाई पलंगावर एवढीशी दिसत होती. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. सुदर्शन जवळ गेला तशी तिनं डोळे उघडले आणि तिला इतका आनंद झाला की त्याला तिच्याकडं बघवेना.

"आलास? वृषीला लघवी व्हाया लागली, कळलं का? डाक्टर म्हनला, आजी, तुमची किडनी लई गुनाची हाय." मग तिनं त्याचा पंजा धरला. "अन् तुजं काय? दाखवलंस का कुनाला?"

"दाखवलं आई." तो पलंगाशी वाकला. "माजी चांगली हाय. दोनीबी चांगल्या हायेत. मला काय बी झालेलं न्हाई."

पुढचं वाक्य त्यानं आण्यापासून ओठांवर धरून आणलं होतं. तुझ्या जागी इथं मी असायला पाहिजे होतो. पण साळुबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, सुखाचं.

"देवा," ती म्हणाली. "मला रातंदिस त्योच घोर लागला व्हता. आपरेशनच्या आदी म्या डाक्टरला सांगून ठिवलं व्हतं, म्हनलं, एक पोरीला काढा, पन दुसरीला धक्का लावू नका, ती माज्या पोराला लागनार हाय. तर हसला माज्यावर. म्हनला, आजी, तसं न्हाई करता येत, ती तुमालाच जगायला लागती. म्हनलं, बगू, तवाचं तवा."

सुदर्शननं पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"बरं झालं," साळुबाई म्हणाली. तिला झोप येत होती. "आता ऱ्हाऊ दे मग ती माजी मला."